फिल्टर मेनूची कुळकथा

फोटोशॉपच्या फिल्टर मेनूत रेंडर नावाचा गट आहे. त्यात लेन्स फ्लेअर आहे. कॅमेऱ्याच्या भिंगावर थेट उजेड पडला की फोटोत जी तेजोवलये उमटतात, ती हा फिल्टर मागाहून काढून देतो. तो लिहिणारा जॉन नोल इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या जॉर्ज लुकासच्या कंपनीत सिनेमाच्या स्पेशल इफेक्टचे काम करत होता. फोटोला जुन्या फिल्मचा रंग, रंगचित्राचा पोत किंवा सोनेरी झळाळी देणारी आजची असंख्य प्लगइन ज्या घराण्यातली आहेत, त्याचे मूळपुरुष म्हणजे हा जॉन आणि त्याचा भाऊ थॉमस.

मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी त्यांचे वडील विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांना छायाचित्रणाचा नाद होता आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. फोटो धुताना गडद-उजळ कसे सांभाळायचे, हे थॉमस तिथेच शिकला. १९८७ मध्ये पीएच.डी.चा अभ्यास चालू असताना त्याने मॅकिंटॉश प्लसच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटांचा आभास निर्माण करणारा प्रोग्रॅम लिहिला. जॉनला त्यात आपल्या स्टुडिओतल्या महागड्या यंत्रांचे काम दिसले आणि दोघे मिळून तो वाढवू लागले. अडोबीने तो घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आले.

खरा पेच इफेक्टवरून पडला. फोटोतले दोष काढण्याचे गंभीर साधन, अशी अडोबीतल्या काहींची फोटोशॉपबद्दलची कल्पना होती. जॉनचे इफेक्ट त्यांना उथळ वाटत. मग ते मुख्य प्रोग्रॅमबाहेर, सुट्या फाइलींच्या म्हणजे प्लगइनच्या रूपाने आले. सिलिकॉन बीच सॉफ्टवेअरच्या डिजिटल डार्करूम या प्रोग्रॅममध्ये १९८८ मध्येच प्लगइनची सोय होती. फोटोशॉपमध्ये मात्र या सोयीला मोठे भाग्य लाभले. जे गाभ्यात नको होते, तेच पुढे या प्रोग्रॅमचे बळ ठरले.

कारण प्लगइनची रचना अगदी साधी होती. ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची. प्रोग्रॅम सुरू होताना ती शोधतो आणि तिचे नाव मेनूत लावतो. फिल्टर निवडला की प्रोग्रॅम चित्रातले पिक्सेल त्याच्या हवाली करतो आणि बदललेले पिक्सेल परत घेतो. म्हणजे फोटोशॉपचा मूळ कोड न पाहताही बाहेरच्या माणसाला इफेक्ट लिहिता येऊ लागला. विंडोजवर या फाइलींना .८बीएफ हे शेपूट असते. पेंट शॉप प्रो आणि इरफानव्ह्यूसारखे परके प्रोग्रॅमही त्या चालवू लागले.

या मोकळिकीत कल्पक माणसे आली. काय क्राउझे या जर्मन कलावंताची काइज पॉवर टूल्स १९९२ च्या सुमारास निघाली. ग्रेडियंट, फ्रॅक्टल, पानाचा कोपरा दुमडल्याचा भास हे सगळे त्यात होतेच, शिवाय पडद्याची मांडणीही त्याने स्वतःच्या मनासारखी केली. नॉर्थ कॅरोलिनातल्या एलियन स्किनने ब्लॅक बॉक्स काढला. तोच पुढे आय कँडी झाला. अक्षरांमागची सावली, कडेची चमक, उठाव हे इफेक्ट त्याआधी चॅनेलच्या प्रती सरकवून, त्या धूसर करून हाताने बांधावे लागत. ते आता एका क्लिकवर आले.

मात्र जो इफेक्ट सगळ्यांनाच लागतो, तो फार काळ सुटा राहत नाही. अल्डसची गॅलरी इफेक्ट्स ही प्लगइनमाला कंपनीबरोबर १९९४ मध्ये अडोबीकडे आली आणि फोटोशॉप ४.० मध्ये सामावली गेली. फिल्टर गॅलरीतला जलरंग आणि कोळशाचे रेखाटन हा तिचाच वारसा. सावली आणि चमक १९९८ च्या ५.० आवृत्तीत लेयर इफेक्ट म्हणून घरातच मिळू लागली.

मालक बदलला की प्लगइनचे नशीबही बदलते. हॅम्बुर्गमध्ये उभ्या राहिलेल्या निक सॉफ्टवेअरचे सिल्व्हर एफेक्स कृष्णधवल छायाचित्रकारांच्या खास पसंतीचे. गुगलने २०१२ मध्ये ती कंपनी घेतली, २०१६ मध्ये तिच्या प्लगइनचा सगळा संच फुकट केला आणि पुढच्याच वर्षी त्यात आणखी सुधारणा करणार नसल्याचे जाहीर केले. डीएक्सओ या कंपनीने तो विकत घेतला म्हणून तो आजही जिवंत आहे. सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. ३२-बिटच्या काळातली कितीतरी सुंदर प्लगइन ६४-बिट फोटोशॉपमध्ये उघडतही नाहीत.

आज प्लगइन निवडणाऱ्याला हा इतिहास नेमका उपयोगी पडतो. पैसे मोजण्याआधी तोच इफेक्ट लेयर स्टाइलमध्ये किंवा फिल्टर गॅलरीत आहे का, ते पाहावे. प्लगइन स्मार्ट फिल्टर म्हणून चालते का, हे तपासावे. २००७ च्या सीएस३ पासून ही सोय आहे आणि तिच्यामुळे मूळ फोटो शाबूत राहून इफेक्टचे आकडे नंतरही बदलता येतात. कंपनी नव्या आवृत्त्या काढते आहे का, तेही बघावे, आणि महत्त्वाच्या कामाची तयार टिफ प्रत वेगळी ठेवावी, म्हणजे उद्या प्लगइन बंद पडले तरी चित्र हातात राहते. चाचणी आपल्याच फोटोवर करावी: भर उन्हातला एक, कमी उजेडातला एक, चेहऱ्याचा एक. जाहिरातीतला नमुना त्या इफेक्टसाठीच निवडलेला असतो.

आणि सर्वांत आधी आपल्याला फोटोत काय दिसायला हवे, ते ठरवावे. जॉन नोलला भिंगावरचा उजेड कसा पसरतो हे ठाऊक होते, म्हणून त्याला तो कोडमध्ये उतरवता आला. इफेक्ट वापरणाऱ्यालाही उजेडाची तेवढीच ओळख असावी; मग थोडी प्लगइनसुद्धा पुष्कळ होतात.