सलगमाचा दिवा

ऋण काढून सण करू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. हा उपदेश वारंवार करावा लागतो, यावरूनच सण आणि ऋण यांचे सख्य किती जुने आहे हे दिसून येते. परंतु जगात काही सण असेही आहेत की जे मुळी रिकाम्या खिशातूनच जन्माला आले. पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होणारा हॅलोविन हा त्यांपैकी एक होय. भुताखेतांची सोंगे घेतलेली मुले, दारोदार मागितला जाणारा खाऊ आणि खिडकीत जळणारा भोपळ्याचा भेसूर दिवा ही या सणाची आजची रूपे. २०२३ साली एकट्या अमेरिकेत या एका सणावर बारा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्च होईल, असा अंदाज तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्तविला होता. ज्या सणाचा पहिला दिवा शेतातील कंदमुळात लागला, तो या आकड्यापर्यंत कसा येऊन पोहोचला, याची कथा मोठी उद्‌बोधक आहे.

आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील प्राचीन पशुपालकांचे वर्ष दोन अर्धांत विभागलेले असे. ऑक्टोबर संपला की उजेडाचे अर्ध संपे आणि काळोखाचे सुरू होई. उन्हाळी कुरणांवर गेलेली गुरे घरी परतत, आणि हिवाळाभर ज्यांना वैरण पुरणार नाही अशी जनावरे मारून त्यांचे मांस साठविले जाई. या संधिकालाला सॉविन असे नाव होते. ख्रिस्ती मठांतील लेखकांनी मध्ययुगात लिहून ठेवलेल्या आयरिश कथांत सांगितले आहे की, या रात्री अदृश्य लोकाची दारे उघडतात. या कल्पनेच्या मुळाशी असलेले भय मात्र अगदी दृश्य होते. पुढचे सहा महिने कोण जगेल आणि कोण नाही, हे कणगीतील धान्यच ठरविणार होते.

पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून रूढ केला, आणि दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास क्लूनीच्या मठाधिपतीने, संत ओदिलोने, २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणासाठी नेमून दिला. हॅलोविन या नावाचा अर्थच मुळी ‘संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या’ असा आहे. भुतांची ही रात्र आपल्याकडे अलीकडे पाहुणी म्हणून आली असली, तरी तिच्या मागोमाग येणारा मृतस्मरणाचा दिवस वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजात जुना आहे. त्या दिवशी थडगी फुलांनी सजतात आणि त्यांवर मेणबत्त्या लावल्या जातात.

मृतात्म्यांच्या या स्मरणातूनच दारोदार फिरण्याची चाल निघाली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे घराघरापुढे जात, त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत आणि मोबदल्यात ‘आत्म्याची पोळी’ म्हणून ओळखला जाणारा लहानसा गोड रोट घेत. हा व्यवहार वरवर भिकेसारखा दिसत असला तरी भीक नव्हती. ज्याच्या घरात अन्न होते, त्याला आपल्या पितरांची चिंता होती; ज्याच्या घरात अन्न नव्हते, त्याच्यापाशी प्रार्थना होती. वर्षातून एकदा का होईना, गरिबाच्या जिभेला मोल येई आणि मान खाली न घालता त्याला दारात उभे राहता येई. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेने मृतांसाठीची प्रार्थनाच निषिद्ध ठरविली, आणि मग मागणाऱ्याच्या हाती द्यायला काही उरले नाही. शेक्सपिअरच्या ‘व्हेरोनाचे दोन सद्‌गृहस्थ’ या नाटकातील एक नोकर संतदिनाच्या भिकाऱ्याच्या केविलवाण्या सुराची थट्टा करतो. एके काळचा प्रार्थना करणारा अतिथी त्या काळापर्यंत थट्टेचा विषय झाला होता. तथापि चेशर, श्रॉपशर यांसारख्या परगण्यांतील मुलांनी ही चाल पुढेही कित्येक पिढ्या जिवंत ठेवली.

आयर्लंडच्या झोपड्यांतून या सणाने आपले खरे घरगुती रूप धारण केले. तेथे जे जे लागे ते ते घरात किंवा शेतात सापडे. दिव्यासाठी सलगम कोरावा आणि त्यात मेणबत्तीचा तुकडा ठेवावा. सोंगासाठी बापाचा कोट उलटा करून घालावा, तोंडाला काजळी फासावी किंवा गवताच्या काडांचा मुखवटा विणावा. संतदिनाची पूर्वसंध्या हा मांसवर्ज्य दिवस असल्यामुळे जेवणाचा बेतही साधाच असे. उकडलेले बटाटे आणि कोबी एकत्र घोटून केलेले कोलकॅनन, सफरचंदे आणि बदामाच्या जातीची रानफळे एवढ्यावर पंगत उठे. बार्मब्रॅक नावाच्या मनुका घातलेल्या पावात अंगठी, नाणे आणि चिंधी दडवून ठेवीत. अंगठी मिळेल त्याचे लग्न, नाणे मिळेल त्याला संपत्ती आणि चिंधी मिळेल त्याच्या नशिबी दारिद्र्य! ज्या घरात दारिद्र्य पाहुणे नसून कायमचे रहिवासी होते, त्या घराने त्यालाही पावात घालून त्याच्यावर हसावे, यात त्या लोकांचे मोठे मन दिसते.

स्कॉटलंडमध्ये सोंगे घेतलेली मुले घरोघर जाऊन गाणे वा कविता म्हणून दाखवीत आणि मग सफरचंद, दाणे किंवा एखादे नाणे मिळवीत. तेथेही काही दिल्यावाचून घ्यायचे नाही, हा दंडक होताच. शिवाय मुखवट्याचा एक गुण असा की तो माणसाचे नावच काय, त्याची ऐपतही झाकतो. काजळी फासलेल्या तोंडांत जमीनदाराचा मुलगा कोणता आणि मजुराचा कोणता, हे ओळखणे कठीण. त्या एका रात्रीपुरती सारीच मुले सारखी भुते होत.

१८४५ साली आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांपैकी बहुतेकांनी अमेरिकेची वाट धरली. गाठोड्यात फारसे काही नव्हते, पण हा सण होता. नव्या भूमीत भोपळा मुबलक पिके. तो सलगमापेक्षा आकाराने मोठा आणि कोरायला मऊ. निर्वासितांनी हाताशी आले ते घेतले, आणि सलगमाचा दिवा भोपळ्याचा झाला.

१९२९ नंतरच्या महामंदीत या सणाची पुन्हा कसोटी लागली. बेकारीने गांजलेल्या शहरांत या रात्रीच्या खोड्या नासधुशीपर्यंत गेल्या. सण बंदच करावा, असे कित्येकांना वाटू लागले. परंतु अनेक ठिकाणच्या शेजाऱ्यांनी दुसरी वाट काढली. एका कुटुंबाला साऱ्या मुलांचा खर्च झेपत नाही, मग तो वाटून घ्यावा. मुलांच्या टोळीने पहिल्या घरी जुन्या चादरींची भुते व्हावे, दुसऱ्या घरी खाऊ खावा आणि तिसऱ्या घराच्या अंधाऱ्या तळघरात मनसोक्त घाबरून घ्यावे. कोणत्याच घरावर भार नाही आणि कोणतेच घर वगळलेले नाही! खाऊ द्या, नाहीतर खोडी सोसा, या अर्थाची मुलांची आरोळी १९२० च्या दशकात कॅनडाच्या वृत्तपत्रांत आढळते. मंदीच्या काळात ती अमेरिकेतही पसरू लागली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेत साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली आणि १९४७ पर्यंत हे बंधन राहिले. ते उठल्यावर मुलांच्या फेऱ्यांना जोर आला. १९५० साली फिलाडेल्फियाच्या परिसरातील काही मुलांनी खाऊऐवजी जगातील गरजू बालकांसाठी नाणी गोळा करण्यास आरंभ केला, आणि त्या उपक्रमाने पुढे युनिसेफला मोठे साहाय्य केले. मागणाऱ्याने दुसऱ्यासाठी मागावे, ही जुन्या प्रार्थनेचीच नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

तोपर्यंत अनेक घरांतून मुलांना सफरचंदे, मक्याच्या लाह्यांचे लाडू, हाताने केलेल्या वड्या मिळत. १९७० नंतर मात्र खाऊत विष किंवा पाती घातली जातात, अशा अफवांनी आईबापांना ग्रासले. १९८२ साली शिकागो परिसरात औषधाच्या गोळ्यांत विष कालवल्याने सात माणसे दगावली आणि ही भीती दुणावली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा तक्रारींचा शोध घेतला, तेव्हा अनोळखी शेजाऱ्याने खाऊतून मुलाचा जीव घेतल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. पण तोवर शेजारणीच्या हातचा लाडू संशयित ठरला होता आणि कारखान्यातील वेष्टनबंद गोळी विश्वासपात्र. सणाचा खर्च वाढण्याची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी सर्वांत शोचनीय हेच. जेथे शेजारधर्मावरचा विश्वास उडतो, तेथे त्याची जागा पैसे मोजून भरावी लागते.

म्हणून काटकसरीने हा सण करणाऱ्या आजच्या एखाद्या कुटुंबाने मनात उणेपणा मानण्याचे कारण नाही. जुन्या चादरीला दोन भोके पाडून केलेले भूत दुकानातील महागड्या पोशाखाची नक्कल नव्हे. तो पोशाखच त्या भुताची नक्कल आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील एका जुन्या सलगम-दिव्याचा प्लास्टरचा ठसा जतन केलेला आहे. खोल डोळे, वेडेवाकडे दात आणि सुरकुतलेला चेहरा असे त्याचे रूप कोणालाही दचकविणारे आहे. ज्या कोणी तो कोरला, त्याला त्यासाठी एक कंद, एक सुरी आणि संध्याकाळचा थोडा वेळ एवढेच लागले असेल.