ओसरीचा उजेड : अहमदाबादमधील दोन संग्रहालये

एखादा वाङ्मयप्रकार दुसऱ्या भाषेत रुजताना बदलतो, हे तौलनिक अभ्यासाचे परिचित सूत्र आहे. वास्तुप्रकारही दुसऱ्या हवामानात असाच बदलतो काय, हा प्रश्न अहमदाबादमधील दोन संग्रहालयांच्या आधारे तपासता येतो.

छतातून उजेड घेणाऱ्या चित्रदालनाची परंपरा युरोपातील आहे. जॉन सोन यांनी रचलेले आणि १८१७ मध्ये जनतेस खुले झालेले लंडनमधील डलिच येथील दालन हा तिचा एक प्रसिद्ध नमुना होय. तेथील आकाश बहुधा मंद असते. त्यामुळे उजेड मिळवणे ही मुख्य अडचण ठरते. कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या अहमदाबादेत ही अडचण उलटी होते. जूनमध्ये सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि काचेच्या छतातून उजेडाबरोबर उष्णताही आत उतरते.

ल कॉर्बुझिए यांनी १९३० च्या दशकात अमर्याद वाढू शकणाऱ्या चौरस, सर्पिल संग्रहालयाची कल्पना मांडली होती. तिचे भारतीय रूप म्हणजे संस्कार केंद्र. त्याची पायाभरणी १९५४ मध्ये झाली. येथे विटांच्या भिंती जवळजवळ बंद आहेत, इमारत खांबांवर उचललेली आहे आणि उष्णता अडवण्यासाठी छतावर वनस्पतींनी भरलेली पाण्याची कुंडे योजलेली होती. प्रेक्षकांनी संध्याकाळी यावे, अशीही अपेक्षा होती. म्हणजे दिवसाच्या उन्हावरील उत्तर दिवस टाळण्यात शोधले गेले. पाहण्याचे काम मात्र विजेवर सोपवले गेले.

साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) हे चार्ल्स कोरिया यांचे काम. सहा मीटर चौरसाचे घटक, कौलारू छपरे, विटा, दगडी फरशी आणि मध्यभागी पाण्याचा चौक, अशी त्याची रचना आहे. खिडक्यांना काच नाही. हलत्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा उजेड आणि वारा दोन्ही नियंत्रित करतात. ऊन थेट दालनात येत नाही. छपराखाली, चौकाच्या कडेला ते सौम्य होते. मराठी घराच्या ओसरीचे कार्य येथे अवघ्या इमारतीने स्वीकारले आहे. ऊर्जाबचतीची परिभाषा १९७३ च्या तेलसंकटानंतर प्रचलित झाली. ही वास्तू तिच्या दहा वर्षे आधीची आहे, आणि तिच्या साधेपणामागे गांधीविचार होता.

तथापि, येथील मुख्य ऐवज पत्रे, छायाचित्रे आणि दस्तऐवज हा आहे. प्रखर उन्हात प्रकाशाची मात्रा सुमारे एक लाख लक्स असते. कागदासाठी मान्य मर्यादा साधारण पन्नास लक्स आहे. शिवाय प्रकाशाची हानी साठत जाते : पन्नास लक्सचे दहा तास आणि पाचशे लक्सचा एक तास यांचा परिणाम सारखाच मानला जातो. ज्या उजेडात पत्र वाचले जाते, तोच शाई फिकी करतो. उघड्या झडपांतून धूळ आणि दमट हवाही येते. म्हणूनच संग्रहासाठी बंद खोल्या आणि वावरासाठी उघडे मंडप, ही कोरियांची विभागणी अर्थपूर्ण ठरते.

उष्ण कटिबंधातील संग्रहालयासाठी यातून निघणारे तत्त्व असे : उजेड सर्व दालनांना समान वाटायचा नसतो. माणसाच्या वावराला तो मुक्तपणे द्यावा, दगड-धातूला पुरेसा द्यावा आणि कागदाला मोजून द्यावा. अशी वाटणी झाली, तरच विजेची बचत हस्तलिखिताच्या मोलावर होत नाही.