मदरबोर्ड बदलल्यावर संगणक कोणाचा?

आजचा विषय वरवर पाहता कारागिराच्या दुकानातला वाटेल. संगणकाचा मदरबोर्ड जळाला, नवा बसवला, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि ड्रायव्हर पुन्हा घालावे लागले. यात इतिहास तो कसला? आम्हालाही तसेच वाटत असे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या संघटनेच्या कचेरीत जे घडले, त्याने आमचा समज पालटला. एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे दावे त्या संगणकात होते आणि सुनावणी चार दिवसांवर आली होती. एका रात्री वीज कडाडली आणि बोर्ड गेला. कारागिराने नवा बोर्ड बसवला. डिस्क शाबूत होती. यंत्र सुरू केले, तो निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्लीची मागणी आली. यंत्र आमचे, डिस्क आमची, कागद आमचे. आणि किल्ली मात्र आमच्यापाशी नाही!

हे कसे घडले ते कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचा पाया. सर्व भाग त्यावर जोडलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कामाची वाटणी करणारा मुकादम. आणि ड्रायव्हर म्हणजे मुकादम व एकेक भाग यांच्यामधला दुभाषी. पाया बदलला की जुने दुभाषी निरुपयोगी होतात, हे या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे.

आता हा मुकादम प्रथम घडवला कोणी? यंत्र विकणाऱ्याने घडवला असेल असे आपण समजतो. वस्तुतः १९५५ साली अमेरिकेत आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना काढली, आणि १९५६ च्या सुमारास जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन येथील प्रोग्रॅमरांनी ७०४ या यंत्रासाठी आपली स्वतःची व्यवस्था लिहिली. अगदी आरंभीच्या ऑपरेटिंग सिस्टीमांत तिची गणना होते. म्हणजे यंत्र राबवणाऱ्यांनीच आपला मुकादम घडवला. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट वाचताना आनंद व्हावा, यात नवल नाही.

त्या काळी यंत्र बदलले की बहुधा प्रोग्रॅमही नव्याने लिहावे लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टीम ३६०’ जाहीर केली. लहानमोठी यंत्रे, पण आज्ञांची भाषा एकच. लहान यंत्रावरचा प्रोग्रॅम मोठ्यावर चालावा ही कल्पना. यंत्र बदलले तरी केलेले काम वाया जाऊ नये, या विचाराचा तो मोठा टप्पा होय. पुढे १९६९ साली त्याच कंपनीने यंत्राबरोबर मिळणारे अनेक प्रोग्रॅम आणि सेवा यांची किंमत वेगळी लावण्याचे जाहीर केले. यंत्र एक माल आणि प्रोग्रॅम दुसरा माल, अशी फारकत तेथून वाढत गेली.

या इतिहासात आपल्या देशाचाही एक धागा आहे. १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, तेव्हा तिची यंत्रे येथेच राहिली. ती चालती ठेवण्याचे काम सरकारी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ने उचलले आणि आपल्याच तंत्रज्ञांनी ते निभावले. दुरुस्ती हे दुय्यम काम नव्हे. ज्याला दुरुस्ती येते तो परावलंबी राहत नाही, हा त्याचा धडा.

घरगुती संगणकाकडे वळू. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी-एम ही व्यवस्था रचली. तीत यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी निराळा काढला व त्याला ‘बायोस’ म्हटले. यंत्र नवे आले तर तेवढाच भाग बदलावा, बाकीचे तसेच चालावे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला. त्याचा बायोस बोर्डावरच्या चिपमध्ये होता, आणि त्यावर कंपनीचा कायदेशीर हक्क होता. कॉम्पॅक कंपनीने युक्ती काढली. एका गटाने बायोस काय काम करतो त्याचे वर्णन लिहिले. तो कधीच न वाचलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा लिहिला. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅकचे यंत्र जाहीर झाले. आज आपण बाजारातून वेगळ्या कंपनीचा बोर्ड आणून जुन्या पेटीत बसवू शकतो, त्याचे एक मूळ या धडपडीत आहे.

दुभाष्याची कथाही मोठी बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास एमआयटी संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाई यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती. पण त्याचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. तो सल मनात राहिला आणि १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्या गाभ्याबरोबर बहुतेक ड्रायव्हर एकत्रच येतात. म्हणून लिनक्सची डिस्क दुसऱ्या बोर्डावर लावली तरी ती पुष्कळदा मुकाट्याने सुरू होते.

विंडोजचा मार्ग निराळा. १९९५ च्या आवृत्तीने नवा भाग आपणहून ओळखण्याची सोय आणली. परंतु विंडोज एक्सपीच्या काळात बोर्ड बदलला आणि डिस्क चालवणारा दुभाषी जुळला नाही, तर यंत्र ७बी अंकाची चूक दाखवून निळ्या पडद्यावर थांबे. मग सारे पुन्हा बसवण्याखेरीज फारसा इलाज नसे. त्याच एक्सपीने २००१ साली ‘ॲक्टिव्हेशन’ आणले. यंत्रातील भागांची खूण घेऊन परवाना तिला बांधला गेला. यंत्रासोबत आलेल्या परवान्याच्या बाबतीत तर, बिघाडाखेरीज अन्य कारणाने मदरबोर्ड बदलला तर तो नवाच संगणक, असा नियम झाला. २०१६ पासून परवाना वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडता येऊ लागला, तेव्हा ती गाठ काहीशी सैल झाली.

आमची अडचण याच्याही पुढची होती. अलीकडच्या यंत्रांत बोर्डावर टीपीएम नावाची तिजोरी असते. डिस्कवरील मजकूर गूढ लिपीत असतो व तो उलगडण्याची किल्ली त्या तिजोरीत. बोर्ड गेला की तिजोरीही गेली. मग ती अठ्ठेचाळीस आकडी किल्लीच काय ती कामाची. चोराच्या हाती कागद पडू नयेत म्हणून ही योजना आहे, आणि ती योग्यही आहे. दोष कुलपाचा नव्हता. संगणक विकणाऱ्या दुकानदाराने तो प्रथम सुरू करताना स्वतःचे खाते घातले होते, आणि किल्ली त्या खात्यात पडून होती. आम्ही मात्र कधी विचारले नाही. दुकानदार गाव सोडून गेलेला. दोन दिवस शोध घेतला तेव्हा तो सापडला, आणि बिचाऱ्याने फोनवर एकेक आकडा वाचून दाखवला.

यंत्र उघडले, पण जाळे जोडेना. जाळ्याचा ड्रायव्हर नव्हता, आणि तो उतरवायला जाळेच हवे! दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर तो आणला, चिपसेटचा ड्रायव्हर आधी घातला, मग बाकीचे. दावे छापले गेले आणि सुनावणीला वेळेवर पोचले.

मित्रहो, १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध लढले. ती भीती रोजगाराची होती आणि ती खोटी नव्हती. आज संगणक नको असे कोणी म्हणत नाही. प्रश्न उरला आहे तो मालकीचा. पैसे मोजले म्हणजे मालकी आली असे नव्हे. ज्याच्याजवळ किल्ली, परवान्याचा कागद आणि मजकुराची दुसरी प्रत आहे, तोच खरा मालक. आमच्या संघटनेने आता ती किल्ली इतिवृत्ताच्या वहीत लिहून ती वही कुलपात ठेवली आहे. आपणही आज घरी गेल्यावर एवढे करा. वीज कडाडण्याची वाट पाहू नका.