भूजल प्रशिक्षण : विहिरीचा हिशेब शिकताना

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी भेगा, सच्छिद्र थर आणि झिजलेल्या मुरमात साठते. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींनाही पाणी सारखे नसते. भूजल प्रशिक्षणाची सुरुवात खडकाच्या या ओळखीपासून होते.

प्रशिक्षण कोठे? पुण्यातील ‘अ‍ॅक्वाडॅम’ संस्था भूजलशास्त्र व व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम घेते. रायपूर येथे केंद्रीय भूमिजल मंडळाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे.

काय शिकावे?
- खडकांचे थर व भेगा ओळखणे.
- पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर विहिरीची पाणीपातळी मोजणे.
- उपशानंतर विहीर किती तासांत भरते, याची नोंद ठेवणे.
- गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणे.

उदाहरण : ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ७ मीटर पाणी असेल, तर साठा सुमारे २ लाख लिटर होतो. एक एकर गव्हाला ५० मि.मी.ची एक पाळी देण्यास जवळपास तेवढेच पाणी लागते. पुढच्या पाळ्या विहिरीच्या झऱ्यांवर अवलंबून असतात. म्हणून रब्बीचे क्षेत्र पेरणीपूर्वी, पातळी मोजूनच ठरवावे. एकाच भूजल थरातून अनेक विहिरी उपसा करतात, त्यामुळे हा हिशेब गावाने एकत्र करावा.