संधिवाताची पहिली चाहूल

सकाळीं उठल्यावर घरांतील गृहिणीची मूठ वळत नाहीं, बोटांतली अंगठी सांध्यावर अडते, हातांतलें भांडें निसटतें. आणि आपण सहज म्हणून जातों, 'थंडी पडली आहे, दुसरें काय!' दहा वाजेपर्यंत हात मोकळे होतात आणि तक्रार विसरली जाते. या विसरण्यालाहि इतिहास आहे.

आपल्याकडे माधवकरानें 'माधवनिदान' या ग्रंथांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलें. ग्रंथ सुमारें सातव्या-आठव्या शतकांतला. अंग मोडून येणें, अन्नावरची वासना उडणें, तहान, आळस, जडपणा, ज्वर हीं लक्षणें तो आधीं सांगतो. हातापायांची सूज आणि विंचू डसल्यासारखी वेदना मागाहून. आजचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात तो हाच, असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. पण दुखणें केवळ सांध्यांचें नसून सर्व शरीराचें आहे, हें त्यानें हेरलें होतें.

युरोपांत मात्र सांधेदुखीच्या विचारावर गाउटची छाया पडलेली. गाउट म्हणजे खाऊनपिऊन सुखी पुरुषांचें दुखणें! इ. स. १८०० मध्यें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरानें आपल्या प्रबंधांत नऊ स्त्रियांची हकीकत मांडली. दुखणें हळूहळू आलेलें, अनेक सांध्यांत पसरलेलें. त्यानें तो गाउटचाच एक प्रकार मानला, ही चूक खरी. परंतु श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत वावरणाऱ्या वैद्यांना जें दिसलें नाहीं, तें या गोरगरीब बायकांच्या रुग्णालयांत दिसलें.

पुढें लंडनच्या आल्फ्रेड गॅरडनें १८४८ मध्यें गाउटच्या रोग्यांच्या रक्तांत युरिक ॲसिड दाखवून दिलें. त्याची कसोटी मोठी मजेची. रक्तांतील पाणी उथळ बशींत घ्यावयाचें, थोडें ॲसेटिक ॲसिड घालावयाचें आणि एक धागा सोडून ठेवावयाचा; धाग्यावर स्फटिक जमले तर गाउट, न जमले तर दुसरें कांहीं. या 'दुसऱ्या'स १८५९ सालीं त्यानेंच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हें नांव सुचविलें.

१९४८ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंचनें अशा एका स्त्रीस कॉर्टिझोन टोचलें आणि कांहीं दिवसांत ती चालूं-फिरूं लागली. १९५० चें नोबेल पारितोषिक त्याला व आणखी दोघांना मिळालें. दुष्परिणाम लवकरच उघडकीस आले. आणि झिजलेलें हाड कांहीं त्यानें परत आलें नाहीं.

म्हणून वेळेला महत्त्व. १९८७ च्या अमेरिकन निकषांत कातडीखालच्या गांठी आणि क्ष-किरणांत दिसणारी हाडांची झीज यांचीहि गणना होती, म्हणजे ओळख पटेपर्यंत पुष्कळदां नुकसान होऊन गेलेलें! २०१० सालीं अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांनीं ते बदलले, ते याच कारणानें. वयोमानाच्या झिजेनें आलेला ताठरपणा सहसा अर्ध्या तासांत जातो आणि वेदना कामानें वाढते. हा ताठरपणा तास-तास रेंगाळतो. बहुधा दोन्ही हातांच्या बोटांचीं मुळें सुजतात, आणि हस्तांदोलनाचा साधा दाबहि सोसत नाहीं. आरंभीं रक्ताची तपासणी निर्दोष येऊं शकते. सूज कांहीं आठवडे टिकली, तर तेवढ्यावर विसंबून घरीं बसूं नये. डॉक्टरांना हात दाखवावा, आणि अंगठी कधींपासून अडूं लागली तेंहि सांगावें.