माडांच्या सावलीतली मुंबई

युरोपचा प्रवास करून आलेली मंडळी हल्ली एका गोष्टीचे वर्णन फार आवडीने करतात, आणि ती म्हणजे द्राक्षमळ्यांतील जुनी गावे. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातले रिकवीर हे त्यांतले एक नावाजलेले गाव. गावाच्या तटाला भिडलेले द्राक्षांचे मळे, तटाच्या आत सोळाव्या शतकातील लाकडी सांगाड्याची घरे, घरांखाली मद्याची तळघरे, आणि या सर्वांवर नजर ठेवणारा वेशीचा मनोरा! आमची मंडळी ही शोभा पाहतात, छायाचित्रे घेतात, आणि परत आल्यावर सुस्कारा टाकून म्हणतात, "आपल्याकडे असे काही नाही."

"आज नाही" असे कोणी म्हटले तर ते बव्हंशी खरे आहे. परंतु "कधी नव्हतेच" असे म्हटले तर मात्र आम्हांला हरकत घेतली पाहिजे. ज्या गिरगाव, दादर, परळ भागांत आपण राहतो, तेथे काही शतकांपूर्वी अशीच गावे होती. त्यांच्याभोवती द्राक्षाचा वेल नव्हता. माड होता, ताड होता. रस मात्र तेथेही गाळला जात होता, त्यावर कर बसत होता, देवस्थाने पोसली जात होती आणि एक सबंध जात त्या झाडांच्या सावलीत नांदत होती. ती गावे कशी होती, आणि रिकवीर टिकले पण ती का टिकली नाहीत, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आपण प्रथम परळला जाऊ. परळ म्हटले की गिरण्यांची धुराडी आणि इस्पितळे डोळ्यांपुढे येतात. पण परळ हे मुंबईतल्या अतिशय जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. १९३१ साली तेथे रस्त्याचे काम चालू असता जमिनीतून एक अखंड शिळा निघाली. सुमारे बारा फूट उंचीच्या या शिळेवर एकातून एक उमलत गेलेल्या सात शिवमूर्ती आहेत आणि पायाशी वाद्ये वाजवणारे गण आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातील हे शिल्प आज तेथल्या बारादेवीच्या देवळात आहे. घारापुरीच्या त्रिमूर्तीसाठी आपण बोटीत बसतो. परळच्या शिवासाठी बसमधून उतरणेही पुष्कळांना जमलेले नाही.

याच परळला पूर्वीच्या गव्हर्नरच्या बंगल्याजवळ आणखी एक दगड सापडला. हा शिलाहार राजा अपरादित्याचा इ. स. ११८७ चा शिलालेख होय. साष्टीतील माहुली गावच्या एका बागायतीचे २४ द्रम्मांचे उत्पन्न वैद्यनाथ देवाच्या पंचोपचार पूजेसाठी लावून दिल्याची नोंद त्यात आहे. हे दान जो मोडील त्याला घातलेली शपथ मराठीत आहे, आणि ती इतकी रांगडी आहे की या सभागृहात ती उच्चारणे शक्य नाही! पण तिच्या रांगडेपणातच तिचा अर्थ आहे. दानाची हकीकत राजभाषेत लिहून भागत होते. परंतु बागेवर हात टाकणाऱ्याला दरडावायचे तर ते त्याला कळेल अशा भाषेतच दरडावले पाहिजे. मुंबईतील मराठीच्या अगदी जुन्या लेखी नमुन्यांपैकी हा एक, आणि तो आहे एका बागेच्या उत्पन्नाच्या रक्षणासाठी. बाग म्हणजे संपत्ती, हे सूत्र येथे आठशे वर्षांहून जुने आहे.

परळहून उत्तरेला वळले की दादर आणि माहीम. माहीमला बिंबराजाने राजधानी केली आणि बेटावर माड व फळझाडे लावली, असे परंपरा सांगते. 'महिकावतीची बखर' राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिचा काही भाग पंधराव्या शतकातला आहे. तीतील तिथी आणि वंशावळी यांबद्दल पंडितांचे वाद आहेत, आणि ते राहतील. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे: या किनाऱ्यावरच्या लोकांच्या आठवणीत राज्य स्थापणे आणि झाडे लावणे ही दोन कामे वेगळी नव्हती. पुढे याच माहीमला मखदूम अली माहिमी यांच्यासारखा विद्वान सूफी झाला. १४३१ साली तो निवर्तला आणि त्याचा दर्गा आजही गजबजलेला असतो. १५३४ साली पोर्तुगीज आले, आणि १५९६ साली दादरला त्यांचे चर्च उभे राहिले. म्हणजे देऊळ, दर्गा आणि चर्च ही तिन्ही एकाच माडबनात, हाकेच्या अंतरावर! ऱ्हाइनकाठच्या कोणत्या गावाला हे वैभव आहे?

पोर्तुगीज अमदानीत मुंबई बेट खंडाने घेणारा एक विलक्षण पुरुष होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हा वैद्य होता, आणि हिंदुस्थानातील वनस्पती व औषधींवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यास छापला गेला. त्यात माडाचे प्रकरण आहे. लोक काही माड नारळांसाठी राखतात आणि काही 'सुरे'साठी, असे तो सांगतो. ती सुरा ऊर्ध्वपातनाने गाळली की जी पहिली जळजळीत धार निघते तिला 'फुल' म्हणतात, उरलेली ती 'उराक'. याच रसाचा गूळ होतो. आमचे 'फूल' आणि आमची 'सुरा' पोर्तुगीज पंडिताच्या ग्रंथात अशी जाऊन बसली आहेत. द्राक्षाच्या देशातून आलेल्या माणसाने माडाकडे तुच्छतेने पाहिले नाही. जाणत्याच्या कुतूहलाने पाहिले.

आता या रसाची कृती थोडी पाहू, कारण ती ठाऊक असल्याखेरीज पुढचा इतिहास उमजणार नाही. माडाला नारळ धरण्याआधी जी पोय येते, ती उमलण्यापूर्वीच दोरीने आवळून बांधतात. तिला हलके हलके ठोकून मऊ करतात, टोकाची पातळ चकती धारदार कोयतीने उतरतात, आणि खाली मडके अडकवतात. थेंब थेंब रस जमतो. रोज नवा काप द्यावा लागतो; एक दिवस हयगय झाली की पोय सुकते. पहाटे उतरलेला गोड रस ती नीरा. ऊन चढले की तोच आंबतो आणि त्याची माडी होते. ताडाची ती ताडी. आणखी ठेवली तर शिरका. पिठात घातली तर पीठ फुगते, आणि म्हणून ईस्ट इंडियन घरांतील फुगे व गोव्याकडच्या सान्ना यांच्याशी माडीचे नाते आहे. बुंध्यात पाडलेल्या खाचांवर पाय रोवून पन्नास-साठ फूट उंच चढणे, तेही दिवसातून दोन-तीन वेळा, हे भंडाऱ्याचे काम. भंडारी हा शब्द कोणी मद्य गाळणाऱ्याच्या संस्कृत नावावरून लावतात, तर कोणी भांडारावरून. व्युत्पत्ती काहीही असो. झाडावर ज्याची कोयती, त्याचीच झाडाखाली झोपडी, हा त्या गावांचा घाट होता.

१६७० नंतरच्या दशकात फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य मुंबईत आला. मैलोगणती पसरलेली माडांची राई, तिच्या छायेत राहणारे आणि झाडांची निगा करणारे भंडारी, आणि या वाड्या हीच बेटावरची सर्वांत मोठी मालमत्ता, असे चित्र त्याने रेखाटले आहे. या चित्राला एक वासही होता. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत, आणि इंग्रजांना वाटे की बेटावरचे जीवघेणे ताप त्या दुर्गंधीतूनच येतात. डासाचा दोष मासळीवर गेला! गव्हर्नर ऑन्जिएरने बेटाच्या रक्षणासाठी लोकांची पलटण उभी केली तेव्हा तीत भंडारी मोठ्या संख्येने होते. झाडावर चढणारा माणूस चपळ आणि निर्भय असणार, हे त्याने बरोबर हेरले होते.

असे असता ही राई गेली कशी? ती एका दिवसात गेली नाही. पहिला घाव युद्धाच्या भीतीने घातला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली, किल्ल्याभोवती खंदक खणला गेला, आणि तोफांच्या माऱ्याआड येणारी घरे व माड तोडण्यात आले. आजच्या आझाद मैदान आणि क्रॉस मैदान यांचा मोकळेपणा या तोडीतून सुरू झाला आहे.

दुसरा घाव कराचा. झाडावर कर नवा नव्हता. शिलाहारांपासून सर्वांनी बागांवर कर घेतला. परंतु १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने प्रश्नच पालटला. रस काढायच्या प्रत्येक झाडासाठी परवाना आणि कर. गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारच्या व मक्तेदाराच्या हाती. भंडाऱ्यांनी विरोध केला, पण चालला नाही. झाड चढणारा, रस गाळणारा आणि विकणारा हा पूर्वी एकच कुटुंबी होता. आता चढणारा मजूर झाला आणि नफा दुसरीकडे गेला. आमच्या मते रिकवीर आणि गिरगाव यांतला खरा फरक येथे आहे. तिकडे मळा, तळघर आणि घर ही बव्हंशी त्याच कुळांच्या हाती राहिली, म्हणून घर जपण्यात त्यांचा पोटाचा स्वार्थ होता. इकडे झाडाशी माणसाचे नाते आधी कागदावर तुटले. कुऱ्हाड मागून आली.

ती कुऱ्हाड म्हणजे जागेची किंमत. १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली, ती ताडदेवला, म्हणजे ताडाच्या देवाच्या गावी. पुढे परळ-लालबागला गिरण्यांची रांग लागली, आणि जेथे माड होते तेथे चाळी आल्या. चाळींच्या नाक्यावर ताडी-माडीची दुकाने उरली. पण तेथे पिणाऱ्या गिरणी कामगाराला झाड दिसत नव्हते, दिसत होते फक्त मक्तेदाराचे गल्ले. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेली घरे या भागाने पुष्कळ पाहिली आहेत, आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा का आला हे येथल्या आयाबहिणींना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता, गिरगावच्या दाटीतून काढला आणि दादर-माटुंग्याच्या बागायतींवर आखीव वसाहती वसवल्या. मोकळी हवा आली, प्रशस्त रस्ते आले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण माहीमच्या वनांतला माड त्या नकाशात कोठेच नव्हता.

मग पाहायला उरले काय? उरली ती नावे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले, तेव्हापासून जाणती माणसे ही नावे वाचीत आली आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही गिरगावची नावे एखाद्या बागाईतदाराच्या वहीतून उतरवल्यासारखी वाटतात. मुगभाट आणि बोरभाट यांतला 'भाट' म्हणजे गोव्याकडे आजही बागायतच. माझगावची ताडवाडी आणि नारियलवाडी तर उघडच आहेत. काही घरेही उरली आहेत. खोताच्या वाडीत लाकडी जिने, कौलारू छपरे आणि ओटे असलेली ईस्ट इंडियन घरे अजून आहेत. मात्र मूळच्या पासष्टांपैकी निम्म्याहून कमी. माझगावच्या माथारपाखाडीचे नावच कोकणातील फरसबंद गावगल्लीचे आहे. या घरांतील पुष्कळ मंडळी मराठी बोलतात, ते या बेटाचे जुने रहिवासी म्हणून. उपरे म्हणून नव्हे.

ही घरे केवळ सुंदर दिसतात म्हणून राखा, असे आम्ही म्हणणार नाही. सौंदर्य हा युक्तिवाद बिल्डरच्या दरापुढे टिकत नाही, हे आपण पाहिलेच आहे. शिवाय गेलेल्या माडीसाठी गळा काढण्याचाही आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे इतकेच की ही घरे आणि ही नावे म्हणजे दस्तऐवज आहेत. अपरादित्याचा दगड फोडून कोणी पायरीला वापरला तर आपण त्याला अडाणी म्हणू. वाडीतले शेवटचे घर पाडून त्याजागी मनोरा उभा करणे, आणि मनोऱ्याला एखादे इंग्रजी नाव देऊन फणसवाडीची फणसवाडीही पुसून टाकणे, यांत आणि त्यात फारसे अंतर नाही.

परळच्या त्या जुन्या शपथेत बाग मोडणाऱ्याला मराठीत दम भरलेला आहे. तसा दम भरण्याचा अधिकार आज कोणा राजाकडे नाही. तो अधिकार नागरिकांकडे आला आहे, आणि तो बजावण्याची पहिली अट ही की आपण कोणत्या गावात राहतो हे आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे. पुढच्या रविवारी गिरगावच्या वाड्या आणि परळचे बारादेवीचे देऊळ पायी पाहून यावे. अंतर फार नाही, आणि त्यासाठी पासपोर्टही लागत नाही.