नखुरडं की कर्करोग?

१८८६ साली लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक इशारा दिला. नखुरडं समजून ज्यावर उपचार चालतात, तो कधीकधी नखाखालचा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग असतो. आणि तो सुरुवातीला काळा दिसेलच असं नाही. नखालगतच्या कातडीवर उतरलेली काळसर किनार पाहा, असं त्यांचं सांगणं. डॉक्टर आजही या खुणेला ‘हचिन्सनची खूण’ म्हणतात.

त्या काळी आपल्याकडे गावात नखं काढायची ती न्हाव्याच्या नराणीनं. नख काळवंडलं की ठेच लागली असेल, दारात बोट चेमटलं असेल, असं म्हणून विषय मिटे.

बहुतेकदा ते खरंही असे. पण साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे काही आठवड्यांत मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. मेलानोमाचा पट्टा मात्र मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो आणि रुंदावत जातो. सावळ्या माणसांच्या नखांवर निरुपद्रवी काळ्या रेघाही असतात, म्हणून आपल्याकडे निदान अधिकच चकवतं. गोऱ्यांच्या तुलनेत आपल्यात मेलानोमा कमी. पण झालाच तर तळवे, तळहात आणि नखं ही त्याची नेहमीची ठिकाणं.

गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याचा डाग आधी फुटबॉलची दुखापत ठरला होता. १९७७ साली तपासणीत मेलानोमा निघाला. अंगठा कापायला त्यांनी नकार दिला आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. त्यासाठी नखाचा तुकडा पुरत नाही. रंग जिथे तयार होतो त्या मुळाशी असलेल्या ऊतीचा नमुना लागतो. पश्चिम भारतात अशा तपासणीची परंपरा रुजवण्यात मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा मोठा वाटा. १९४१ साली ते सुरू झालं आणि वसंत रामजी खानोलकरांनी तिथल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या.

२००० साली संशोधकांनी लक्षणांची यादी बांधली: चाळीस ते सत्तरचं वय, तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद पट्टा, झपाट्यानं होणारा बदल, अंगठा, कातडीवर उतरलेला रंग, घराण्यातला मेलानोमा. रोग वरच्या थरातच असताना सापडला, तर आता बोट न कापता नखाचा सगळा भाग काढून तिथे कातडी लावता येते.